वीस ओहम

१० ऑक्टोबर, गुरुवार

दादा,

गेल्या वर्षी तुला पाठवलेल्या पत्रात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की त्या दिवशी मी व्होल्टेज दोन्हीकडे मोजलं, पुढच्या बोर्डावर आणि मागे हीटरपाशी. ते खरं नाही. मी फक्त बोर्डावर मोजलं. हीटरपाशी मीटर लावायचं राहून गेलं.

एवढ्या चार ओळी लिहायला सकाळपासून तीन कागद गेले. आज रजा टाकली आहे. आईला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. ते खोटं नाही, पण रजेचं कारण ते नाही.

ते पत्र तू वाचलंस की नाही, कोण जाणे. आईला तुझी दोन ओळींची खुशाली येते, तीत माझ्याबद्दल काही नसतं. तरी सगळं क्रमाने लिहिते. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे, पण मी ते आजवर कुणालाच क्रमाने सांगितलेलं नाही. लोकांना मी शेवटचा आकडा सांगते आणि थांबते.

लाँड्रीतला मागच्या शेडमधला हीटर नीट तापत नव्हता. चादरी दमट निघत होत्या. तू त्यात नवी कॉइल भरून तीन आठवडे झाले होते. मालक तुला म्हणाले, तुझी बहीण शिकली आहे ना, मग तिला मीटर घेऊन बोलाव. माझा डिप्लोमाचा निकाल लागून तेव्हा नऊ दिवस झाले होते. तूच मला स्कूटरवर मागे बसवून नेलंस आणि वाटेत म्हणालास, "ओहमबाई, आज आमची परीक्षा घ्या. पास करा म्हणजे झालं."

चिमट्याच्या मीटरने करंट मोजला, साडेअकरा अँपिअर. बोर्डावर व्होल्टेज दोनशे तीस. भागाकार केला, रोध आला वीस ओहम. गुणाकार केला, दोन हजार सहाशे पंचेचाळीस वॅट. हीटरच्या पत्र्यावर लिहिलेलं होतं तीन हजार वॅट, म्हणजे रोध हवा होता सतरा पूर्णांक सहा. वीस हा आकडा मला फार आवडला, हेही सांगते. उत्तरात अपूर्णांक उरला नाही की शाळेपासून मला वाटतं, हे बरोबरच असणार.

मी कागदावर लिहिलं: "बसवलेली कॉइल तीन हजार वॅटची नाही." खाली सही केली, सहीखाली कंसात डिप्लोमा लिहिला. माझ्या आयुष्यातला तो पहिला असा कागद. स्टोअरच्या वहीत तीन हजार वॅटची कॉइल घेतल्याची तुझी सही होती. पुढचं पंधरा मिनिटांत झालं, आणि ते मला लिहायची गरज पडली नाही. भांडारातली कॉइल गेली कुठे, हा प्रश्न मी विचारला नव्हता. पण तो विचारायची सोय मीच करून दिली.

कॉइलचा आठवा हिस्सा कापून पुन्हा जोडा, असंही त्या कागदात होतं. तसं केलं आणि हीटर जास्त तापायला लागला. चादरी कोरड्या निघाल्या. म्हणून सगळ्यांची खात्री पटली की मी बरोबर होते. माझीही पटली.

काल दुपारी मी हीटरपाशी मीटर लावला. बोर्डावर दोनशे तीस होते, हीटरपाशी एकशे नव्याण्णव. एकतीस व्होल्ट वाटेत गेले. करंट होता बारा पूर्णांक नऊ. एकतीसला बारा पूर्णांक नऊने भाग, दोन पूर्णांक चार ओहम येतात. हा बोर्डापासून शेडपर्यंतच्या तारेचा आणि तिच्यातल्या जोडांचा रोध. तो गेल्या वर्षीही तेवढाच असणार. मी जे वीस काढले होते ते एकट्या कॉइलचे नव्हते. तार आणि कॉइल मिळून ते वीस होते. वीसातून दोन पूर्णांक चार वजा कर.

सतरा पूर्णांक सहा.

कॉइल तू बरोबर भरली होतीस. तीन हजार वॅटचीच होती. त्या उत्तरात अपूर्णांक आहे आणि ते बरोबर आहे.

हीटर मी काल बंद करून आले आहे.

तुझी,
लहान बहीण


१३ ऑक्टोबर, रविवार

दादा,

गुरुवारचं पत्र अजून तुझ्या हातात पडलं नसेल. तरी त्यातली दुरुस्ती याच्यात करते, म्हणजे दोन्ही एकत्र वाचशील.

"मोजायचं राहून गेलं" असं मी लिहिलं. राहून गेलं नव्हतं. तू मला सांगितलं होतंस.

ते तुला आठवत असेलच. मालक होते, स्टोअरकीपर होता, इस्त्रीवाल्या मावशी आणि त्यांच्या हाताखालच्या दोघी जणी दारात उभ्या होत्या. मी बोर्डापाशी वहीत भागाकार करत होते. तू माझ्या खांद्यावरून वाकून बघितलंस आणि अगदी हळू म्हणालास, "मशीनपाशी मोज गं एकदा."

मी मोठ्याने म्हणाले, "दादा, व्होल्टेज सगळीकडे सारखंच असतं."

स्टोअरकीपर हसला. म्हणाला, घ्या, नऊ वर्षं तारा जोडतोय आणि हे आता बहिणीकडून शिकतोय. तूही हसलास थोडं. मग मागे सरकून भिंतीला टेकलास, आणि पुढे कुणी काहीही विचारलं तरी तू एवढंच म्हणत राहिलास की कॉइल बरोबर आहे.

पुस्तकात ते वाक्य तसं नाहीये. समांतर जोडणीत व्होल्टेज सारखं असतं असं आहे, आणि तिथल्या आकृतीत तारेला रोध नसतो. तो पहिल्या सत्रातला धडा. तार लांब असली, बारीक असली, जोड जुने असले तर व्होल्टेज वाटेत गळतं, हा तिसऱ्या सत्रातला. मला दोन्ही येत होते. तिसऱ्या सत्रात त्याच प्रश्नाला मला पूर्ण गुण होते. त्या क्षणी मला पहिल्या सत्रातला हवा होता, कारण तो एका वाक्यात सांगता येतो आणि समोर पाच माणसं होती.

घरात आपण चौघं. त्यात मी एकटी शाळा पुरी केलेली. त्यामुळे माझी चूक धरणारं घरात कुणी नव्हतंच. तू धरलीस, तर मी सगळ्यांपुढे तुझा पचका केला.

दुसरी दुरुस्ती. मी लिहिलं की काल मोजलं, जणू काल अचानक सुचलं. तसंही नाही. इस्त्रीच्या खोलीची मागची भिंत आहे ना, जिच्या पलीकडून ती तार शेडकडे जाते, तिला टेकून मावशी रोज दुपारी दहा मिनिटं बसतात. जुलैमध्ये मला म्हणाल्या, "पोरी, ही भिंत देवासारखी आहे बघ. पाठ अशी शेकते की काय सांगू." मी म्हटलं, ऊन येत असेल पलीकडून. पलीकडे शेड आहे, ऊन कुठून येणार? ते मला म्हणताना माहीत होतं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. तीन महिने मी त्या भिंतीकडे न बघता ये-जा केली.

मागच्या आठवड्यात मावशी आजारी होत्या. त्यांच्या जागी बदली आलेल्या बाईने भिंतीला हात लावला आणि झटक्याने काढून घेतला. मला म्हणाली, "ताई, याच्या मागे बॉयलर आहे का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग काय आहे?"

तिला उत्तर द्यायला मी मीटर आणला.

एकतीस गुणिले बारा पूर्णांक नऊ. चारशे वॅट. एवढी उष्णता रोज त्या भिंतीत सुटते, बरीचशी जोडांपाशी. तू होतास तेव्हा हा आकडा तीनशे सतरा असणार. कॉइल कापून मी करंट वाढवला आणि वरचे त्र्याऐंशी त्यात घातले. आणि त्याबद्दल मला तुझी जागा मिळाली.

शुक्रवारी गेले तर हीटर चालू होता. मालकांनीच लावला होता. त्यांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, हीटर तापतोय, चादरी सुकतायत, मग बिघडलंय काय? मी भिंत दाखवली. त्यांनी हात लावून बघितला, हात खिशात घातला आणि म्हणाले, "गेल्या वर्षीही तू असाच कागद आणला होतास. त्या कागदावर मी नऊ वर्षांचा माणूस काढला. आता या कागदावर कोणाला काढू?"

उत्तर मला येत होतं.

आज रविवार, लाँड्री बंद आहे. सकाळी उठले तेव्हा वाटलं, आज भिंत गार असेल. एवढ्यानेच अंग सैल पडलं आणि पुन्हा झोप लागली, दहा वाजेपर्यंत. आई दोनदा येऊन बघून गेली.


१७ ऑक्टोबर, गुरुवार

दादा,

मी दमले आहे, त्यामुळे अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

मालकांशी तडजोड झाली आहे. हीटर फक्त नऊ ते बारा चालतो. त्या तीन तासांत मी दर पंधरा मिनिटांनी इस्त्रीच्या खोलीत जाऊन भिंतीवर हात ठेवते. बाकीचा वेळ हात ठेवलेला नसतो तेव्हाही तो तिथेच असल्यासारखं वाटतं. थर्मामीटर मागितला आहे, तो येईल तेव्हा येईल. मावशी परत आल्या. त्यांना मी भिंतीला टेकायला मनाई केली, म्हणून त्या माझ्यावर फुगल्या आहेत. म्हणाल्या, "साहेबीण झालीस हो. भावाला घालवलंस, आता माझी भिंत." नंतर स्वतःच चहा घेऊन आल्या. पण म्हणायचं ते म्हणून झालं होतं.

सोमवारी वीज-निरीक्षक येणार आहेत. वर्षाची तपासणी. त्याआधी एक फॉर्म भरून ठेवायचा असतो, आणि त्यात एक ओळ आहे: "सर्व तारा व जोड सुस्थितीत आहेत." तिच्यापुढे माझी सही हवी. मालक म्हणाले, आत्ता सही कर, महिन्याभरात तार बदलू, शब्द देतो. तो शब्द खरा असेल, माणूस खोटा नाही. पण दादा, तार सुस्थितीत आहे असं मी लिहिलं तर एकतीस व्होल्ट कुठे गेले? कुठेच नाही. मग वीस ओहम पुन्हा सगळे कॉइलचे. मग कॉइल चुकीची, आणि ती भरणारा तू. त्या एका ओळीवर सही करणं म्हणजे तुला दुसऱ्यांदा चोर ठरवणं, आणि या वेळी नीट मोजून.

फॉर्म माझ्या पिशवीत आहे. चार दिवसांत घडी पडून पडून मधोमध मऊ झाला आहे.

काल संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. आधी सांगायला हवं होतं की नको होतं, मला माहीत नाही. मला एकटीला ते पेलवेनासं झालं, हे खरं कारण.

बाबा ओट्यावर बसून आईच्या मिक्सरची पिन लावत होते. हल्ली त्यांना स्क्रू पकडता येत नाहीत, हात थरथरतात. स्क्रू ठेवायचा आणि पिळायचा, यात तीनदा तो खाली पडतो. आई उचलून देते, आणि उचलून दिल्यासारखं दाखवत नाही. मी शेजारी बसले आणि आकडे सांगायला लागले. बाबांना वाचता येत नाही, पण आकडे त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत हे तुला माहीत आहे. मी एकशे नव्याण्णव म्हणाले तशी त्यांनी पिन खाली ठेवली.

"कुठली तार? शेडकडची?"

मी हो म्हटलं. मग म्हणाले, "ती मी ओढली. शेडमध्ये तेव्हा चार दिवे आणि एक पंखा होता. बंडल संपलं म्हणून उरलेल्या तुकड्यांनी पुरी केली. दिव्यांना पुष्कळ झाली ती." आणि मग, "तिच्यावर हीटर लावला होय त्यांनी."

हे मला माहीत नव्हतं, दादा. शपथेवर सांगते. ती तार बाबांची आहे हे मला काल कळलं.

मी म्हटलं, बाबा, तुमचं काही चुकलं नाही, चार दिव्यांना ती तार बरोबरच होती. त्यांचं लक्ष नव्हतं. ते दुसरंच काही जुळवत होते. मग त्यांनी विचारलं, "मग पोराने कॉइल?"

"बरोबर भरली होती."

"तुझ्या कागदावर तर..."

"कागद चुकीचा होता, बाबा. मी चुकीच्या जागी मोजलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. टोमणा मारताना त्यांचा डावा डोळा बारीक होतो, तसा झाला नव्हता. अगदी मनापासून, समजूत घातल्यासारखं म्हणाले, "तू कशी चुकशील? तू शिकलेली आहेस."

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडला.

गेल्या वर्षी त्यांनी तुला दारातून परत पाठवलं, तेव्हा ते कुणाचंच ऐकत नव्हते असं आपण सगळे म्हणत आलो. ते ऐकत होते. ते माझं ऐकत होते. माझा कागद त्यांना वाचता येत नव्हता, म्हणून तर त्यांनी तो खोटा असेल असं मानलं नाही. "माझ्या घरात हातचलाखी चालणार नाही" असं ते तुला म्हणाले तेव्हा मी आतल्या खोलीत होते. कडी मी लावली नव्हती, पण दारही उघडलं नाही. हेही आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

आई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. जेवताना एवढंच म्हणाली, "आता त्याला बोलवायचं तरी कोणत्या तोंडाने?" बाबा जेवले नाहीत. दूध घेतलं.

आज सकाळी मी निघताना त्यांनी पेन्सिल मागितली.


२० ऑक्टोबर, रविवार

दादा,

काल तुझं पत्र आलं. पाकीट माझ्या नावाचं होतं. आईने ते मला देताना हातात धरून ठेवलं आणि मग सोडलं.

तू चार ओळी लिहिल्या आहेस, त्या मला पाठ झाल्या. "पत्र मिळालं. गणित बरोबर आहे, ओहमबाई. हीटर बंद ठेव, भिंतीचा भरवसा धरू नकोस. बाबांना यातलं काही सांगू नकोस, ते आधीच खचलेत."

चौथी ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. म्हणजे ती तार बाबांची आहे हे तुला तेव्हापासून माहीत होतं. "मशीनपाशी मोज" असं तू मला कानात म्हणालास, कारण तार खराब आहे हे तुला मोठ्याने म्हणायचं नव्हतं. म्हटलं असतंस तर स्टोअरकीपरने विचारलं असतं, कुणी ओढली? बाबांनी तिथे एकवीस वर्षं काम केलं. अजूनही तिथे लोक बोर्ड उघडला की म्हणतात, जुन्या वायरमनचा हात बघा. आकडा मीटरवर दिसला असता तर कुणाचं नाव न घेता तार बदलली गेली असती. तू मला तेवढंच मागितलंस. नाव न घेता, एक आकडा.

आणि मी न दिल्यावर तू गप्प बसलास. स्वतःला चोर म्हणवून घेतलंस, बाबांकडूनच, आणि गेलास.

मला तुझ्यावर रागही आला, दादा, हे लपवत नाही. जुलैमध्ये भिंत गरम होती, म्हणजे तू होतास तेव्हाही ती कोमट असणार. तिला मावशी टेकत होत्या. तू दोनदा मालकांना तार बदला म्हणाला होतास, असं मावशींनी मला परवा सांगितलं. तोंडी, हसत हसत. तोंडी सांगून काय होतं? पण मला लिहिता येतं आणि मी काय लिहिलं ते समोर आहे. त्यामुळे राग फार वेळ टिकला नाही.

बाबांना सांगू नकोस, हे तू उशिरा सांगितलंस. हे वाचशील तोवर माझं गुरुवारचं पत्र तुला मिळालं असेल, म्हणजे तुला कळलंच असेल. पण त्यानंतरचं सांगायचं आहे, कारण तुला वाटतं तसं झालेलं नाही.

पेन्सिल घेऊन बाबांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे ती भिंत काढली. रेघ सरळ येत नव्हती म्हणून आईची लाटणं ठेवायची फळी घेतली. दार काढलं, खिडकी काढली, आणि तीन फुल्या मारल्या. एक दारापासून हातभर, एक खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात, आणि एक जिथे मावशी टेकतात तिथे, जमिनीपासून कमरेइतकी. बावीस वर्षांपूर्वी प्लास्टरच्या आत गेलेले जोड. ते कुठे आहेत हे बाबांशिवाय जगात कुणाला ठाऊक नाही. मग म्हणाले, हे पीळ देऊन फडकं गुंडाळलेले आहेत, भिंत फोडणाऱ्याला सांग, आधी बोर्डावरून फ्यूज काढ, मग छिन्नी लाव. मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

मी म्हटलं, बाबा, हा कागद निरीक्षकांना दाखवला तर तार कुणाची ते सगळ्यांना कळेल. म्हणाले, "कळू दे की. माझी तार आहे तर माझीच म्हणतील. पोराची तर नाही ना म्हणणार?"

शुक्रवारी आणि शनिवारी जेवले. आवाज जरा बसलाय, पण जेवले.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. चौथी ओळ गाळणार होते. गाळली नाही, कारण आता गाळायचा मला कंटाळा आला आहे. त्यांनी तो कागद मागून घेतला आणि उलटसुलट करून बघितला. मला विचारलं, यात माझं नाव कुठे लिहिलंय ते दाखव. मी "बाबांना" या शब्दावर बोट ठेवलं. त्यांनीही ठेवलं.

आता मी काय करणार आहे ते लिहिते. एकदा कागदावर आलं म्हणजे मला मागे फिरता येणार नाही, म्हणून तुला लिहिते. तू साक्षीदार.

फॉर्म मी भरला आहे. त्या ओळीपुढे सही केलेली नाही. तिथे लिहिलंय: "शेडकडील तार व तीन जोड सुस्थितीत नाहीत. एकतीस व्होल्ट वाटेत जातात. भिंतीत चारशे वॅट." जागा कमी होती, अक्षर बारीक काढावं लागलं. सोबत दोन कागद लावले आहेत. एक गेल्या वर्षीच्या माझ्या अहवालाची प्रत. तिच्यावर मी आडवी रेघ मारली आहे, आणि रेघेखाली लिहिलं आहे की व्होल्टेज चुकीच्या जागी मोजलं, मशीनपाशी मोजायला मला त्या वेळच्या वायरमनने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि त्याने बसवलेली कॉइल सतरा पूर्णांक सहा ओहमची, म्हणजे योग्य होती. दुसरा कागद बाबांच्या आकृतीचा.

तिन्हींच्या दोन प्रती काढल्या. एक मालकांना, एक निरीक्षकांना. ते अकराला येतात. पण मला त्यांच्याआधी ते लाँड्रीतल्या लोकांना वाचून दाखवायचं आहे. स्टोअरकीपर, मावशी, त्या दोघी जणी. गेल्या वर्षीचा कागद त्यांच्यापुढे मोठ्याने वाचला होता, निरीक्षकांपुढे नव्हे.

हे मी तीनदा म्हणून बघितलं, आई ऐकत होती. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "एवढी घाई का करतेस वाचताना? त्याच्यावर आळ घेताना सावकाश वाचला असशील." बरोबर आहे तिचं. सावकाश वाचेन.

नोकरी राहील असं मला वाटत नाही. तुझी जागा तुला परत मिळेल असंही लिहीत नाही, ती देणं माझ्या हातात नाही, आणि तू ती घ्यावीस असं म्हणायचा मला हक्क नाही. ये असंही म्हणणार नाही. आई म्हणेल, तिचं तिने म्हणावं.

एक भीती अजून आहे. मी उद्या दारापर्यंत जाईन आणि मला पुन्हा ते सोपं वाक्य सुचेल, एका दमात सांगता येणारं, ज्यावर कुणीतरी हसेल आणि सगळं निभावून जाईल. म्हणून बाबा बरोबर येणार आहेत. मी बोलावलं नाही, तेच म्हणाले. फ्यूज कुठला ते मला माहीत आहे म्हटलं, तर म्हणाले, असू दे, मी नुसता उभा राहतो.

हीटर नऊला लागतो. शिफ्ट आठला सुरू होते, सगळे पावणेआठला चहाला जमतात. बोर्ड तिथेच आहे. आधी फ्यूज काढीन, मग वाचीन.

उद्या, सोमवार, २१ ऑक्टोबर, सकाळी पावणेआठ.